काच पुसायची नाही

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं, की सरांच्या गाडीत बोलायला बंदी व्हायची. ती उठायची होळीनंतर.

बुलढाण्याहून चिखलीला आम्ही तिघं एकत्र जायचो. गाडी सरांची, ते भूगोल शिकवायचे. त्यांच्या शेजारी गणिताचे सर बसायचे आणि मागच्या सीटवर मी. आमचं कनिष्ठ महाविद्यालय सकाळचं. हिवाळ्यात घरून निघताना नीट उजाडलेलंही नसायचं. येळगावच्या धरणाजवळ पाण्यावरचं धुकं रस्त्यावर चढून आलेलं असायचं. त्या धुक्याशी सरांचं भांडण नव्हतं. "बाहेरचं धुकं देवाचं," असं ते म्हणायचे, आणि देव तर ते मानत नव्हते. "आतलं आपलं."

भांडण होतं ते आतल्याशी. दारं लावून गाडी जरा पुढं गेली, की समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात पांढुरका डाग उमटायचा आणि सुक्या फडक्यात पाणी चढावं तसा हळूहळू वर चढायचा. तो आमच्या डोळ्यांना दिसायच्या आधी सरांना कळायचा. मान न वळवता ते विचारायचे, "कोण बोललं?"

"कोणी नाही, सर."

"आता बोललात ना."

यावर काय बोलणार? गप्प बसायचं. गणिताचे सर खिडकीकडं तोंड करून हसू दाबायचे, तर तेही सरांना चालायचं नाही. हसताना माणूस बोलण्यापेक्षा जास्त वाफ सोडतो असं त्यांचं मत होतं. "श्वास म्हणजे पाणी, मॅडम," ते मला आरशातून सांगायचे. "माणूस म्हणजे कच्चं मडकं. बसल्या जागी पाझरतं."

सकाळी माझ्या फाटकापाशी गाडी थांबली की काच बोटभर खाली यायची आणि आतून प्रश्न यायचा, "केस वाळलेत का?" पहिल्या वेळी मला कानकोंडं झालं. भर रस्त्यात परक्या बाईला कोणी असं विचारतं का? पण ते डॉक्टरनं ताप आहे का विचारावं तशा चेहऱ्यानं विचारायचे. पुढं पुढं मीच गाडी दिसताच लांबून ओरडायचे, "वाळले, सर!" शेजारच्या बायका हसायच्या. गाडीत बसताना चपला झटकून वर्तमानपत्रावर ठेवायच्या. ओला रुमाल, डब्यातली गरम भाजी, पाण्याची बाटली, सगळं डिकीत. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे काच हातानं पुसायची नाही. "हाताचं तेल लागलं की काच कायमची आंधळी होते," ते म्हणायचे. "काच पुसायची नाही. वाट पाहायची."

वाट पाहायची म्हणजे खरंच पाहायची. काच फारच भरली की सर गाडी बाजूला घ्यायचे, इंजिन चालू ठेवायचे आणि मांडीवर हात ठेवून बसून राहायचे. आम्हीही बसायचो. प्रार्थनेची घंटा चिखलीत होऊन जायची.

गणिताचे सर एका सकाळी सर्दी घेऊन आले. येळगावपर्यंत त्यांनी कशीबशी कळ काढली आणि मग जी शिंकांची माळ लागली, ती थांबेना. समोरची काच पार पांढरी झाली. सरांनी गाडी कडेला घेतली आणि ते अतिशय नम्रपणे म्हणाले, "सर, तुम्ही उतरा."

"इथं? धरणावर?"

"जीप येईल मागून."

गणिताचे सर उतरले. मफलर गुंडाळत उभे राहिले. त्यांनी आत वाकून मला विचारलं, "मॅडम, तुम्ही तरी सांगा, हा माणूस शुद्धीवर हाये का?" मला उत्तर द्यायची सोय नव्हती, बोलायला बंदी होती. त्या दिवसापासून ते एसटीनं जायला लागले आणि स्टाफरूममध्ये सरांच्या गाडीचे किस्से त्यांनी असे रंगवले, की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ते पाठ झाले.

किस्से काही कमी नव्हते. कोणीतरी सांगितलं मीठ ओल ओढतं. सरांनी आपले जुने पायमोजे मिठानं भरले, तोंडं बांधली आणि सीटांच्या मागं लटकवले. दोन-चार दिवसांत मिठाला पाणी सुटलं आणि ते माझ्या पदरावर ठिबकायला लागलं. मग तांदळाच्या पुरचुंड्या ठेवल्या, त्यांना उंदीर आले. मग कळीचा चुना पत्र्याच्या डब्यात. मग लोणारी कोळसा. त्यानं माझी पांढरी साडी गेली. ट्रकवाल्यांनी सांगितलं, बिडीची तंबाखू काचेवर चोळा, थेंब धरत नाही. सर आयुष्यात सुपारीही न खाल्लेले. ते पानठेल्यावर उभे राहून तंबाखूच्या पुड्या घेताना दिसले, तेव्हा गावात हळहळ झाली, की निवृत्तीच्या तोंडावर बिचाऱ्याला हे कुठलं व्यसन लागलं. तंबाखू चोळलेल्या काचेतून पाहिलं की सगळा रस्ता चहाच्या रंगाचा दिसायचा आणि मला मळमळायचं.

एकदा त्यांनी भूगोलाच्या खोलीतला ओला-कोरडा तापमापक गाडीत आणून लावला. हवेतली आर्द्रता रोज पाहू म्हणाले. दुसऱ्याच दिवशी काढून टाकला. त्यातल्या एका नळीचं टोक सतत पाण्यात बुडवून ठेवावं लागतं. "म्हणजे चोराच्याच हाती किल्ल्या," ते म्हणाले आणि खरोखर दुखावल्यासारखे दिसले.

दवबिंदूचा पाठ ते फार सुंदर शिकवायचे. शेजारच्या वर्गात मी असायचे, भिंतीतून ऐकू यायचं. हवा निवत जाते, निवत जाते, आणि एक क्षण असा येतो की तिला आपल्यातलं पाणी आता सांभाळता येत नाही. मग ती ते जवळच्या थंड वस्तूवर टाकून देते. गवतावर, पानावर, काचेवर. "हवेचा दोष नाही," ते पोरांना सांगायचे. "काचेचा पण दोष नाही."

सरांच्या पत्नीला मी वहिनी म्हणायचे. चिखलीच्या पुढं, देऊळगावराजाच्या रस्त्यावर एका फाट्यापासून आत त्यांचं माहेर. सरांच्या घरी पुस्तकं होती, बाबासाहेबांची मोठी तसबीर होती, कमी बोलण्याची रीत होती. वहिनी मात्र सारखं काहीतरी बोलायच्या, भांड्यांशी, मांजरीशी, टीव्हीतल्या माणसांशी. सरांनी गाडीतली सतरंजी आणि सीटांचे फोम उचकटून गच्चीवर वाळत घातले, तिथंच त्यांनी मुगाच्या वड्या घातलेल्या. ऊन फिरलं की सर फोम सरकवायचे आणि वड्यांवर सावली पडायची. "पाहा नं मॅडम," वहिनी मला म्हणाल्या, "ह्यायची गाडी वाळून राह्यली अन् माह्या वड्या ओल्याच." आणि हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला. खोकला बराच वेळ चालला. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, आणि सर हातात फोमचा तुकडा घेऊन त्यांच्याकडं पाहत राहिले. हसल्यामुळं ठसका लागला असेल असं मला वाटलं.

तो ठसका नव्हता, हे मला पुढच्या हिवाळ्यात कळलं. वहिनी दिसेनाशा झाल्या होत्या म्हणून मी घरी गेले. सर बाहेर गाडीपाशी होते. वहिनी पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या, नाकात नळी होती आणि कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. त्यांची फुफ्फुसं आतून कडक होत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे मागं फिरत नाही, फार तर हळू करता येतं.

"पहिल्यांदा गेलो तवा डॉक्टरनं इचारलं," वहिनी थांबत थांबत सांगत होत्या, "घरात ओल हाये का, बुरशी हाये का, कबुतरं हायेत का. म्हनलं, नाई. आपल्या बुलढान्यात कुठं ओल? तं हे मधातच बोलले. म्हने, गाडीत हाये."

एका पावसाळ्यात गाडीत पाणी शिरलं होतं. दाराचं रबर गेलं होतं, सतरंजीच्या खाली पाणी साचलं. वहिनींनी तेव्हाच वासाची तक्रार केली होती. सर म्हणाले होते, वाळेल आपोआप. वास हा अर्धा मनाचा असतो. पुढचा हिवाळाभर ते दोघं तशाच गाडीतून माहेरी, लग्नाकार्याला, दवाखान्यात फिरले.

"डॉक्टर काय म्हणाले मग?"

"म्हने, सांगता येत नाई. कवाकवा कारनच सापडत नाई. पन हे तेवढं ओलीचंच आयकून आले." त्यांनी दाराकडं पाहिलं. "मी म्हनते, गाडीत तं तुमीबी बसत होते. तुमाले काऊन नाई झालं? पन आयकत नाईत. रोज रात्री उठून गाडी हुंगतात."

बाहेर आले तर सर बोनेटजवळ उभे होते. ते मला म्हणाले, "केस वाळलेत का?" आणि मग लक्षात आल्यासारखं, "नाही, आज कुठं जायचं नाही."

मी त्यांना विचारलं, जे विचारायचं माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होतं. "सर, दोन बोटं काच खाली केली तर नाही का भागणार? सगळे ड्रायव्हर तेच करतात."

सरांनी घराच्या खिडकीकडं पाहिलं.

"मॅडम, उपाय मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. बाहेरची कोरडी हवा आत घ्यायची. बस, एवढंच. तो एकच उपाय तिला चालत नाही. गार वारा लागला की तिचा खोकला थांबत नाही. वावरात कपाशीच्या पऱ्हाट्या जाळतात, तो धूर. एसी लावावा तर थंडी. हीटर वाढवावा तर तिचा जीव घुसमटतो. दर महिन्याला तिला औरंगाबादला न्यायचं असतं. जो उपाय धरतो, तो तिच्या जिवावर येतो."

"आणि आम्ही? आमच्यासाठी तर उघडता आली असती ना काच?"

"तुमच्यावर शोधत होतो," ते म्हणाले. "काचा बंद ठेवून, माणसं आत असताना, काच कशी कोरडी राहील ते. एकदा तुमच्यात जमलं असतं, तर तिच्यासाठी जमलं असतं."

म्हणजे मीठ, चुना, कोळसा, तंबाखू, आमच्या सगळ्या मुक्या सकाळी, हे त्यासाठी होतं. ते सांगून झाल्यावर सर पुन्हा बोनेटकडं वळले. त्यांच्या खांद्यावर नेहमी एक पंचा असायचा आणि तो त्यांनी कधी काचेला लावला नव्हता.

आता सर निवृत्त आहेत. कधी जिजामाता चौकात भेटतात. पूर्वी जो माणूस अंगणातून रस्त्यापर्यंत येताना एक शब्द बोलायचा नाही, तो आता कुणालाही थांबवून बोलत उभा राहतो. भाजीवाल्याशी, एसटीची वाट पाहणाऱ्या अनोळखी माणसाशी. पिकांबद्दल, हवेबद्दल, गावाच्या नावांबद्दल. समोरच्याला निघायचं असतं, तो पाय बदलतो, घड्याळ पाहतो, पण सरांचं चालूच असतं. लोक मला म्हणतात, तुमचे सर म्हातारपणी फार बोलके झाले.

वहिनींना शेवटचं औरंगाबादला नेलं त्या सकाळी मी बरोबर होते. आदल्या दिवसापासून त्यांचा श्वास फार वाढला होता. शेजाऱ्यांनी ॲम्ब्युलन्स बोलवा म्हटलं, तर वहिनीच नाही म्हणाल्या. "ॲम्बुलन्समधी नाई जात मी. मेल्यावानी वाटते." त्यांची मुलगी पुण्याहून परस्पर दवाखान्यात येणार होती. सर गाडी चालवणार, तर सिलिंडर धरायला मागं कोणीतरी पाहिजे होतं. म्हणून मी बसले. वहिनी डाव्या अंगाच्या खिडकीशी, मधे सिलिंडर, इकडं मी.

सिलिंडरमधली हवा एका छोट्या बाटलीतल्या पाण्यातून बुडबुड करत त्यांच्या नाकात जात होती. कोरडी हवा सोसत नाही म्हणून पाणी लागतं. ज्या माणसानं गाडीत ओला रुमाल येऊ दिला नव्हता, त्यानं ती पाण्याची बाटली स्वतःच्या हातानं सीटला बांधली. बांधताना त्यांनी गाठ दोनदा तपासली. 

बाहेर कडाक्याची थंडी होती. गावाच्या बाहेर पडेपर्यंत बाजूच्या काचा दुधासारख्या झाल्या. समोरच्या काचेवर मंद गरम हवा सोडून सरांनी ताटाएवढी जागा उघडी ठेवली होती, आणि त्या ताटातून ते रस्ता पाहत होते, मान पुढं काढून. मागं आम्हाला काही दिसत नव्हतं. येळगाव कधी गेलं ते मला उताराच्या अंदाजानं कळलं. चिखली आली ती हॉर्नच्या आवाजांनी.

चिखली मागं पडल्यावर वहिनी ताठ होऊन बसल्या. त्यांच्या हातात फोन होता. त्यांनी काचेकडं पाहिलं आणि माझ्याकडं वाकून हळूच विचारलं, "फाटा आला का?"

"कुठला, वहिनी?"

"माह्या गावचा."

"बोलू देऊ नका तिला, मॅडम," पुढून सर म्हणाले. "दम लागतो."

मी काचेकडं पाहिलं. नुसतं पांढरं. तिच्यावर काही थेंब उतरत होते आणि त्यांच्या रेघांतून बाहेरचा रंग तेवढा दिसत होता, कुठं हिरवा, कुठं मातीचा. मी नकळत हात उचलला. आरशात सरांचे डोळे दिसले.

"काच पुसायची नाही."

मी हात खाली घेतला. सवयच ती.

थोड्या वेळानं वहिनींनी पुन्हा विचारलं, "आला का?" आणि मग, "हळू घ्या म्हना."

"सर, वहिनी म्हणतात, हळू घ्या."

त्यांना वेगाची भीती वाटते आहे असं सरांना वाटलं, मलाही तसंच वाटलं. त्यांनी गाडी एकदम हळू केली. माणूस चालतो तेवढी. "आता ठीक आहे?" त्यांनी विचारलं. वहिनींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आधी खोकला आला, आणि तो आला की दुसरं काही यायला जागा उरायची नाही. त्यांनी हातवारे केले, खिडकीकडं. त्यांना हवा हवीये असं समजून मी बाटलीची नळी नीट केली. सर म्हणत होते, "शांत हो, शांत हो. बोलू नको. बोलू नकोस गं." खोकला ओसरला तसा त्यांनी पुन्हा वेग घेतला, कारण आता लवकर पोचणं भाग होतं.

देऊळगावराजा आलं तेव्हा बाहेर बसस्टँडचा गलका ऐकू आला. वहिनींनी तो ओळखला. "मंग गेला असन," त्या म्हणाल्या आणि फोन पिशवीत ठेवून दिला.  औरंगाबादपर्यंत सरांना गप्प बस म्हणायची गरज पडली नाही.

दवाखान्यात त्यांना आत घेतलं आणि संध्याकाळपर्यंत तोंडावर मशीन लावलं. मग घशात नळी घातली. त्या पुन्हा बोलल्या नाहीत. मुलगी आली, वहिनींचा धाकटा भाऊ गावाहून आला, सगळ्यांनी काचेच्या दारातून पाहिलं. आठवडाही गेला नाही. ज्या ॲम्ब्युलन्समध्ये बसायचं त्यांनी नाकारलं होतं, तिच्यातूनच त्या बुलढाण्याला परत आल्या.

जलदान विधी घरीच झाला. अंगणात मांडव घातला होता. बुद्धवंदना झाली, दोन-चार माणसं वहिनींबद्दल बोलली, त्या किती बोलायच्या हेच सगळ्यांना आठवत होतं. जेवणं होऊन लोक पांगले. मुलगी आत पाहुण्यांना निरोप देत होती. ऊन होतं, पण हवेत गारठा होता. सर भिंतीला टेकून सतरंजीवर बसले होते, शेजारी वहिनींचा भाऊ. शेतकरी माणूस, पन्नाशीचा. सरांपुढं नेहमी बिचकून असायचा. वहिनींना तो बाई म्हणायचा. मी समोरच भांडी गोळा करत होते.

"दाजी," तो म्हणाला, "एक इचारू का? राग नका मानू."

"विचार."

"त्या दिवशी फाट्यावर गाडी काऊन नाई थांबवली?"

सरांना काही कळलं नाही. "कुठल्या फाट्यावर?"

"आपल्या. बाईनं सकाळी फोन केलता मले. म्हने, दवाखान्यात चाललो, फाट्यावर येऊन उभा राय, मले तुले पाह्यचं हाये. दाजीले आत्ता नाई सांगत, म्हने, ते दार उघडू देत नाईत, थंडी लागते म्हून. तिथं आल्यावर सांगीन, तं थांबतीन." त्यानं गळ्यातला रुमाल काढून हातात घेतला. "मंग मी आलो. तिले ओला हरभरा आवडे. वावरातून पेंढी उपटून आनली, दवानं भिजेल होती. म्हनलं, देऊ. उभा राह्यलो."

सर त्याच्याकडं पाहत होते. त्यांनी खोकावं तसा आवाज केला.

"गाडी दिसली मले लांबून. आली. हळू झाली. मले वाटलं, थांबली. मी पळत आलो तं गाडी थोडी थोडी चालूच. मीबी संग पळालो. बाईच्या अंगालेच होतो, डाव्या हाताले. काचा पांढऱ्याफक. आत कोन हाये काईच दिसेना. मी हात केला, पेंढी वर केली. मंग गाडी जोरात गेली."

त्यानं रुमालाची घडी घातली, मोडली.

"मले वाईट नाई वाटलं, दाजी. घाई असन म्हनलं, जीवाचं काम हाये. मनाले म्हनलं, आपल्याले बाई दिसली नाई तं काय झालं? तिनं तं पाह्यलं असन आपल्याले." त्यानं मान वर केली. "आतून दिसते नं, दाजी? बाहेरून नाई दिसत, पन आतून दिसते नं?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. आरशात नव्हे, सरळ. मी खाली पातेल्याकडं पाहिलं.

ते उठले. गुडघे धरून, भिंतीचा आधार घेत. मला वाटलं आत जाऊन पडतील. पण ते अंगण ओलांडून गाडीपाशी गेले. त्या सकाळपासून त्यांनी ती उघडली नव्हती. मुलीच्या नवऱ्यानं ती औरंगाबादहून आणून लिंबाच्या सावलीत लावून ठेवली होती. सरांनी डाव्या अंगाचं मागचं दार उघडलं, आत बसले आणि दार ओढून घेतलं.

त्यांना थोडा वेळ एकटं बसू द्यावं, म्हणून आम्ही कोणी हललो नाही. आधी काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता, खांद्यावरचा पंचा दिसत होता. त्यांचे खांदे हलायला लागले. मग काचेच्या खालच्या कोपऱ्यात डाग उमटला आणि चढत चढत वर गेला. आधी हनुवटी गेली, मग तोंड, मग कपाळ. काच सगळी पांढरी झाली.

वहिनींचा भाऊ उठून गाडीजवळ गेला. काचेशी वाकला. काय करावं त्याला कळत नव्हतं. त्यानं टकटक केली नाही. जरा मागं सरून सरळ उभा राहिला आणि हात वर केला.

"दाजी," तो म्हणाला, "मी दिसतो का?"